बरोबर म्हणजे किती?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील करिअर’ हा विषय दिला होता. पण आपण सगळे चाळिशी ओलांडलेले. आपल्या करिअरचं जे व्हायचं ते होऊन गेलं आणि मुलं आपलं ऐकत नाहीत. म्हणून त्यांच्या परवानगीने विषय बदलते. माझ्या ऑफिसात दिवसभर काही इंग्रजी शब्द कानावर पडतात: स्टँडर्ड, ॲव्हरेज, बेंचमार्क, पार. हे सगळे तुलनेचे शब्द. आज त्यांच्याबद्दल बोलते.

पहिला स्टँडर्ड. आपण मराठी माध्यमातले, आपल्याकडे ‘इयत्ता’ होती. तरी ‘कितवी स्टँडर्ड?’ असं विचारणारे पाहुणे घरी यायचेच. या शब्दाचा जुना अर्थ झेंडा. लढाईच्या धुमाळीत आपली माणसं कुठे आहेत ते कळावं, पांगलेल्यांनी तिथे गोळा व्हावं, म्हणून उंच धरलेलं निशाण. आपला जरीपटका म्हणजे स्टँडर्डच. पुढे राजाचं निशाण तसं राजाने ठरवलेलं वजन-माप, असा अर्थ पुढे सरकला. म्हणजे जो शब्द माणसं गोळा करायला होता, तोच पुढे माणसं मोजायला आला.

दुसरा ॲव्हरेज. हा तर आपल्या ओळखीचा. ‘हुशार’, ‘ॲव्हरेज’ आणि ‘ढ’ अशा तीन रांगा प्रत्येक शाळेत असतात. या शब्दाचं मूळ मात्र समुद्रावर आहे. अरबीत खराब झालेल्या मालाला जो शब्द होता, तो इटालियन आणि फ्रेंच व्यापाऱ्यांमार्फत इंग्रजीत आला. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकावा लागे. फेकलेला माल एकाचा, वाचलेला दुसऱ्यांचा. तेव्हा रिवाज असा, की ते नुकसान जहाजावर माल असलेल्या सगळ्यांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे सोसायचं. सागरी विम्यात आजही याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. म्हणजे ॲव्हरेज हे माणसाचं विशेषण नव्हतंच. एकाचं नुकसान सगळ्यांनी वाटून घेणं, हा त्याचा अर्थ होता.

गणितात सरासरी उपयोगी आहेच, नाहीतर माझी नोकरी चालणार नाही. पण आमच्या धंद्यात नवीन मुलाला लवकर शिकवतात की नुसत्या सरासरीवर विश्वास ठेवू नकोस. समजा शंभर जणांनी आमची वेबसाइट उघडली. नव्याण्णव जणांना ती एका सेकंदात दिसली, एकाला एकशे एक सेकंद थांबावं लागलं. सरासरी दोन सेकंद. अहवाल छान दिसतो, पण तो एक माणूस कंटाळून निघून गेलेला असतो. म्हणून आम्ही सरासरीबरोबर शेवटच्या माणसाची वेळही वेगळी मोजतो.

अकोलेकरांना हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही. घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारांच्या मिलिमीटरमध्ये पडतो. तालुक्याच्या पूर्वेला, आढळा खोऱ्यात, तो शेकड्यांत मोजावा लागतो. दोन्हींची मिळून सरासरी काढली तर कागदावर तालुका हिरवागार. पूर्वेच्या शेतकऱ्याने ती सरासरी काय विहिरीत ओतायची? पैसेवारीचंही तेच. आपल्या आजोबांच्या तोंडी ती आणेवारी होती. पीक पन्नास पैशांच्या आत आलं तर टंचाईच्या सवलती, त्यात मुलांच्या परीक्षेची फीसुद्धा माफ. पण आकडा गावाचा निघतो. गाव एक्कावन्न पैशांवर असेल आणि एखाद्याच्या वावरात काहीच आलं नसेल, तर त्याचा शून्य त्या एक्कावन्नात विरघळून जातो.

तिसरा बेंचमार्क. भूमापनवाले दगडावर एक आडवी खूण कोरत, तिच्यात लोखंडी कोन बसवून त्यावर मोजपट्टी उभी करत. तो कोन म्हणजे ‘बेंच’, त्याची खूण ती बेंचमार्क. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर अशा खुणा केल्या आहेत. आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. भूगोलाच्या तासाला आपण ‘समुद्रसपाटीपासून’ असं घोकलं. पण समुद्र कधी सपाट असतो का? भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढून ती सपाटी ठरवली जाते. तिच्याशिवाय दोन डोंगरांची तुलनाच करता येणार नाही. म्हणून माप वाईट नाही. फक्त ते कुठून मोजलंय, हे विचारायला हवं.

आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे पाहा. शाळेच्या मापाने त्यांचा आकडा शून्य, कारण त्या शाळेतच गेल्या नाहीत. गावरान बियाणं जपण्याच्या मापाने देशाने त्यांना 2020 चा पद्मश्री दिला. राहीबाई त्याच, मोजायची जागा बदलली.

शेवटचा शब्द पार. लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान. पेअर, पीअर, कम्पेअर हे सगळे त्याचेच नातेवाईक. म्हणजे तुलना या शब्दाच्या पोटातच ‘समान’ बसला आहे. आपल्या गावच्या झाडाखालच्या पाराशी त्याचं नातं नाही, नुसता उच्चार जुळतो. पण पारावर बसलेले सगळे एकाच उंचीवर असतात, एवढं खरं.

आणि आपला मराठी शब्द? बरोबर. तो फारसीतून आला. ‘बर’ म्हणजे छाती, बराबर म्हणजे छातीला छाती लावून. मराठीत त्याचे तीन अर्थ झाले. दोन अधिक दोन बरोबर चार, म्हणजे समान. ‘उत्तर बरोबर आहे’, म्हणजे अचूक. आणि ‘माझ्याबरोबर चल’, म्हणजे सोबत. समान, अचूक आणि सोबत या तिन्हींना एकच शब्द पुरतो.

हे सगळं सांगायचं कारण आजची हजेरी. आपल्या वर्गातले निम्मेसुद्धा आज इथे नाहीत. मी त्यांच्यातल्या काहींना फोन केले. एकीने कांदा काढणीचं कारण दिलं, एकाने गाडीची ट्रिप असल्याचं. तिसरा खरं बोलला. म्हणाला, “तुम्ही सगळे कुठल्या कुठे गेलात. आम्ही काय तुमच्या बरोबरीचे? येऊन काय सांगू?”

आपल्या स्मरणिकेच्या फॉर्ममध्ये तीन रकाने होते: पद, कंपनी, शहर. तो फॉर्म व्हॉट्सॲपवर त्यालाही गेला होता. त्याने तो उघडला आणि बंद केला. ती खूण जिथे कोरली होती तिथून त्याची उंची मोजताच येत नव्हती.

संयोजकांनी खूप कष्ट घेतले आहेत, त्यांना दोष देत नाही. फक्त दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी ते तीन रकाने काढून टाका. त्या जागी एवढंच विचारा: आता कुठे राहतोस, आणि वर्गातल्या कुणाला भेटायचंय? आणि दुसरी, मेळाव्याची वर्गणी सगळ्यांना सारखी नको. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्याने द्यावं, कमी पडेल ते बाकीच्यांनी वाटून घ्यावं. कुणी किती दिले याची यादी छापू नये. यालाच जहाजावरचे लोक ॲव्हरेज म्हणायचे.

फोन करायची यादी माझ्याकडे आहे. जेवणानंतर कुणाकुणाला कोणती नावं घ्यायची आहेत, ते मला सांगा.