फुगडीच्या वर्गाला जाताना

वसईतल्या पापडीहून मी बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं बोलणं बहुतेक वेळा हप्ता, वही आणि बँक यांच्याभोवती फिरतं. आज मात्र नाचाबद्दल बोलायचं आहे.

श्रावण जवळ आला की ठिकठिकाणी मंगळागौरीच्या खेळांचे वर्ग सुरू होतात. कुठे समाजमंदिरात, कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे कुणाच्या ओटीवर. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, गोफ विणणं. शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशीच्या असतात. लहानपणी माहेरी खेळलेल्या, मग संसारात खेळ सुटला तो सुटलाच. आता गटाचा कार्यक्रम असतो, गावात स्पर्धा असते, नाहीतर नुसती हौस असते. हौस असली तरी पुरे. ‘या वयात काय नाचायचं’ असं कुणी म्हणालं तर सांगा, मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं अंग हलेल असा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तासाभराचा वर्ग आठवड्यातून तीनदा केला की ती भरतात.

आता फुगडीचा विचार करा. दोघी समोरासमोर उभ्या राहतो, चवडे जुळवतो, हातांची फुली करून एकमेकींचे हात धरतो आणि मागे झुकतो. त्या क्षणी मी पडते की उभी राहते हे माझ्या एकटीच्या हातात नसतं, समोरचीच्या हातात असतं. तिचंही माझ्या हातात असतं. वर्गाची तयारी आणि वर्गातलं वागणं, दोन्ही एवढ्या एका गोष्टीतून येतात.

आधी तब्येत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईला दोन गिरक्यांतच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घ्या. गटाने एकत्र गेलात तर कुणी मागे राहत नाही. गुडघे दुखत असतील, चक्कर येत असेल, बाळंतपण किंवा ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नसतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुगडी घालू नका. दिवस गेलेले असतील तर गरगर फिरणं आणि उड्या नकोतच. पण म्हणून घरी बसू नका. झिम्म्याच्या टाळ्या आहेत, गाणी म्हणायची आहेत, ठेका धरायचा आहे.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. उडी मारताना, खोकताना, जोरात हसताना लघवीचे थेंब जातात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना हा त्रास असतो आणि त्या भीतीने त्या ‘मला नाही आवडत नाचायला’ असं सांगून मोकळ्या होतात. वर्गाआधी लघवीला जाऊन या, लागलं तर पॅड लावा आणि डॉक्टरांना किंवा नर्सताईंना नक्की सांगा. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम असतात, त्याने पुष्कळ जणींना फरक पडतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

भरपेट जेवून लगेच येऊ नका आणि उपाशीही येऊ नका. श्रावणात सोमवार-मंगळवारचे उपास असतात. त्या दिवशी काहीतरी खाऊन, पाणी पिऊन या, किंवा त्या दिवशी फिरायचे खेळ सोडून बाकीचे खेळा.

कपड्यांचं सोपं आहे. काठापदराची साडी कार्यक्रमाच्या दिवसासाठी ठेवा. सरावाला सलवार-कमीज चालते, नऊवारीचा काष्टाही उत्तम. साधी साडी असेल तर ती थोडी वर नेसा आणि पदर घट्ट खोचा. काचेच्या बांगड्या, अंगठ्या, लांब मंगळसूत्र काढून ठेवा किंवा नीट आत घाला. बांगडी फुटली तर ती आपल्यालाच नाही, समोरचीलाही लागते. नखं कापा. हाताला तेल, क्रीम नको. पावसाचे दिवस असतात, दारातून ओले पाय आत येतात, म्हणून सुरुवातीला फरशी कोरडी पुसा. पायमोजे घालून नाचू नका, पाय घसरतो.

आता वागणं. वेळेवर या. आपण आलो नाही तर आपली जोडीदारीण नुसती उभी राहते. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप द्या. शिकवणाऱ्या ताई सांगत असताना आपण शेजारणीला शिकवू नये, दोन गुरू झाले की तिसरी गोंधळते. फुगडीचा वेग दोघींत जी कमी दमाची असेल तिचा ठेवा. थांबायचं असेल तर ‘पुरे’ म्हणा, दोघींनी मिळून वेग कमी करा, मगच हात सोडा. फिरता फिरता हात सोडणं ही थट्टा नाही, त्याने डोकं फुटू शकतं. कुणाच्या वजनावर, वयावर, धापेवर हसू नका. आणि विचारल्याशिवाय कुणाचा व्हिडिओ काढू नका. काढायचाच असेल तर सगळ्यांना विचारा, आणि जी नको म्हणेल तिला कारण विचारू नका. एखादीच्या घरी तो व्हिडिओ पोचला तर दुसऱ्या दिवसापासून तिचं येणंच बंद होऊ शकतं.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-डहाणूकडे, वारली लोकांचा तारपा नाच पाहा. हातात हात गुंफलेली साखळी तारपा वाजवणाऱ्याबरोबर गोल फिरते. सूर बदलला की पावलं बदलतात. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी तर सारं आयुष्य तारपा वाजवण्यात घालवलं. त्या साखळीत कुणी एकटं पुढे पळून चमकत नाही. पळालं तर साखळीच तुटते. आपल्या वर्गातही हेच लक्षात ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मंगळागौरीची पूजा नव्या लग्नाच्या मुलींची असते. खेळ मात्र सगळ्यांचे आहेत. तरीही नवरा गेलेली बाई दाराशी घुटमळते. आमच्या एका वर्गात अशी एक ताई तीन दिवस येऊन पायरीवर बसली, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. चौथ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी उठल्या, तिच्यापुढे दोन्ही हात केले आणि म्हणाल्या, “चल गं, माझी जोडीदारीण आली नाही.” जोडीदारीण आली होती, ती मागे उभी राहून हसत होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, तो पाळायचा असतो आपल्या अंगणात. म्हणून वर्गाची नावं लिहिताना जी एकटी आहे, टाकलेली आहे, दुसऱ्या जातीची, दुसऱ्या धर्माची आहे, तिला आधी विचारा. आमच्या वसईत वाडवळ, कुपारी, कोळी, आगरी, आदिवासी सगळे शेजारी राहतात. फुगडीला समोरचीचे दोन हात घट्ट असले की झालं.

वर्गाची फी किती, ताईंना मानधन किती, हे गटाच्या बैठकीत ठरवा आणि वहीत लिहा. बचतीच्या पैशाला ठरावाशिवाय हात लावू नका. घरीही वेळ स्पष्ट सांगून निघा, चोरून येऊ नका. ‘पाच ते सहा माझा वर्ग आहे’ असं चार वेळा सांगितलं की पाचव्यांदा घर आपोआप चहा करून घेतं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की हा विषय काढा. आणि तुमच्या गावात पायरीवर बसून पिशव्या सांभाळणारी कोण आहे, तेवढं आठवून ठेवा.