दुखणे खरे की मनाचे?



जळगाव-धुळ्याच्या डॉक्टर-परिचारिकांच्या या परिषदेच्या कामाचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलाच आहे. मी माझा वेळ एकाच मुद्द्यासाठी मागून घेतो. रुग्ण ‘फार दुखतं’ म्हणतो, तपासणीत काही सापडत नाही, एक्स-रे स्वच्छ येतो आणि आपण ‘मनाचं दुखणं आहे’ असे म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने या शेऱ्याखालची जमीनच काढून घेतली आहे.

सुरुवात आपल्याच मिरचीपासून करू. नंदुरबार-दोंडाईच्याकडे लाल मिरचीची देठे खुडणाऱ्या बाईच्या बोटांची रात्रभर आग होते. बोटे भाजलेली नसतात, त्वचेला चटकाही बसलेला नसतो. याचा उलगडा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये केला. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही-१ हा ग्राहक (रिसेप्टर) चेतातंतूंच्या टोकांवर असतो आणि मिरचीतले कॅप्सायसिन नेमका तोच उघडते. संदेश मज्जारज्जूत पोचतो आणि तिथे ग्लुटामेट व ‘सबस्टन्स पी’ पुढच्या पेशीला चेतवतात. या कामाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर मिळाले. सूज आलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन याच ग्राहकाला इतके हळवे करतात, की अंगाची नेहमीची ऊबही त्याला सोसवत नाही. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनच तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. आणि हेच कॅप्सायसिन मलमातून पुन्हा पुन्हा लावले, तर ती टोके काही काळ निकामी होतात. म्हणून नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या दुखण्यावर ते वापरतात. इजा नसताना आग होऊ शकते, हे मिरची खुडणारीच्या बाबतीत आपण निमूट मान्य करतो. पाठदुखीच्या रुग्णाला मात्र तेच मान्य करायला आपली जीभ रेटत नाही.

आता दुसरी बाजू: शरीर वेदना दाबते कसे. मेंदूत मॉर्फिनसाठी ग्राहक आहेत हे १९७३ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा प्रश्न पडला की खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी शरीराने ही सोय कशाला करून ठेवावी? १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले आणि उत्तर मिळाले: शरीर स्वतःचे वेदनाशामक बनवते. मध्यमेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या वाटेवर ते वेदनेचा संदेश दाबते. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. नुसत्या खोट्या औषधाने ज्यांना आराम पडला होता, त्यांना मॉर्फिनचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन देताच वेदना वाढली. डिस्टिल्ड वॉटरचे इंजेक्शन देऊन ‘बरं वाटलं ना, म्हणजे ढोंगच’ असा निकाल लावणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. विश्वासाने पडलेला आरामसुद्धा त्याच ग्राहकांवाटे येतो. प्रत्येक वेळी नॅलॉक्सोनने असा आराम पुसला जात नाही, हे पुढच्या प्रयोगांत दिसले, हे खरे. पण तिथेही कॅनाबिनॉइडसारखे दुसरे संदेशक सापडले. म्हणजे आक्षेप आला तोही रसायनच हातात ठेवून गेला.

दुखणे खरे, तर ते थांबवायलाही हवे. पण वेदना ही धोक्याची घंटा आहे, ती बंद केली तर रोग लपेल, हा त्यावरचा जुना आक्षेप. विंचूदंशाचे उदाहरण घ्या. लाल विंचवाचे विष चेतातंतूंवरची सोडियमची दारे उघडी धरते. दंशाच्या जागी दिलेले लिग्नोकेन तीच दारे बंद करते. जीव जातो तो मात्र रक्तात उसळलेल्या अ‍ॅड्रेनॅलिन-नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने हृदय खचते म्हणून, आणि त्यावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला. कळ थांबवली म्हणून नाडी आणि रक्तदाब बघायचे कोणी विसरत नाही. तीव्र पोटदुखीत मॉर्फिनच्या जातीचे औषध दिल्याने निदान चुकण्याचे प्रमाण वाढत नाही, हेही चाचण्यांमधून दिसले आहे. तरी ‘सर्जन येईपर्यंत सोसा’ हे आपण अजून सांगतोच.

राहिला व्यसनाचा प्रश्न. अमेरिकेत ही औषधे सैल हाताने वाटली गेली आणि त्याची किंमत तिथल्या कुटुंबांनी मोजली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपली चूक उलट टोकाची आहे. सातपुड्यापलीकडे नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते आणि सातपुड्याच्या अलीकडे, आपल्याकडे, तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण पॅरासिटामॉलवर रात्र काढतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने औषधविक्रेते आणि डॉक्टर दोघेही धास्तावले. पण २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण बरीच सुटली आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिनसाठी आता पूर्वीसारखे अनेक परवाने गोळा करावे लागत नाहीत. तेव्हा जळगाव-धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या, कर्करोगाचे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांनी या मान्यतेसाठी अर्ज करावेत, हा ठराव मी आज मांडतो. दुसरा ठराव परिचारिका भगिनींसाठी आहे: ताप, नाडी आणि रक्तदाबाच्या तक्त्यात शून्य ते दहा असा वेदनेचा रकाना वाढवावा, आणि त्यात रुग्ण सांगेल तोच आकडा लिहावा.