अकरांच्या संघाला सोळा गडी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या तरुणाला रविवारी सकाळी फुटबॉल खेळायची ओढ असते. पण शनिवारची रात्रपाळी उरकून आल्यावर पाय साथ देत नाहीत. नाशिकच काय, कुठल्याही औद्योगिक शहरात हौशी संघाची खरी अडचण हीच. नियमानुसार एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. त्यामुळे यादीत सोळा-सतरा नावे हवीतच.

नावे मिळवायची कुठून?

कोल्हापूरकडे पाहावे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... तिथल्या संघांची नावेच तालमींची! ज्या तालमींत कुस्ती रुजली, त्यांनीच फुटबॉलही जोपासला. गल्लीतले पोर संघाची जर्सी पाहतच मोठे होते, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ लोटते. तिथे खेळाडू शोधावा लागत नाही, तो दारातच वाढतो.

नाशिकच्या संघाने हा आधार कारखान्यातले सहकारी, सोसायटी, कॉलेजचे जुने मित्र यांच्यात शोधावा.

टिकवणे मात्र अवघड. पूर्ण सामना कडेला बसून राहिलेला गडी पुढच्या रविवारी फिरकत नाही, आणि त्यात त्याचे काय चुकले? हौशी सामन्यांत, संघटनेची परवानगी असेल तर, बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेता येते. ही सवलत जरूर वापरावी. टर्फचे भाडे सारखे वाटून घ्यावे आणि पुढच्या सामन्याची वेळ पाळ्यांचे वेळापत्रक पाहूनच ठरवावी.