घरचा संगणक आणि तीन साधे उपाय

सारसोळे हे ठाणे खाडीच्या काठचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे नवी मुंबई या गावाभोवती वसली. आज दाखला, शिष्यवृत्ती, वीजबिल ही कामे घरच्या संगणकावर होतात. मुदतीच्या दिवशी संगणक अडला, तर हक्काचा लाभ हुकू शकतो. म्हणून तीन उपाय प्रत्येक घरास ठाऊक असावेत.

पहिला : ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा आल्यास प्रथम संगणकावरील तारीख पाहावी. ती चुकल्यास संकेतस्थळाचे वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते. वीज बंद केल्यावर तारीख वारंवार मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल बदलून घ्यावा. तारीख बरोबर असूनही इशारा कायम राहिल्यास तेथे माहिती भरू नये.

दुसरा : जुन्या मराठी पत्राच्या जागी अगम्य चिन्हे दिसल्यास ते बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमधील असते. मूळ फॉन्ट बसवावा अथवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

तिसरा : संगणक मंदावल्यास तो बंद करून पुन्हा सुरू करावा. साठवणीची जागा भरली असेल, तर महत्त्वाच्या कागदांची प्रत अन्यत्र ठेवून मगच अनावश्यक फायली काढाव्यात. हवेच्या जाळीवरील धूळ वीज तोडूनच कोरड्या ब्रशने झाडावी.

शिक्षकांनी हे उपाय घरोघरी पोहोचविल्यास अनेकांचे हेलपाटे वाचतील.