गोल्फ क्लबाच्या दप्तराची राखण

गोल्फचें मैदान म्हटलें कीं डोळ्यांपुढें हिरवळ, वाळूचे खड्डे आणि संथपणें चालणारे खेळाडू उभे राहतात. अशा निवांत जागीं चोराचें काय काम, असें कोणासही वाटेल. परंतु हल्लींचा चोर कुंपणावरून उडी मारून येत नाहीं. तो कचेरींतील संगणकाच्या वाटेनें येतो. चांदीच्या चषकांपेक्षां त्याला क्लबाचें दप्तर अधिक मोलाचें वाटतें.

सभासदांचीं नांवें, पत्ते, बँकेच्या कार्डांची माहिती, कोण कोणत्या दिवशीं किती वाजतां खेळावयास येणार याची नोंद, हें सर्व त्या दप्तरांत असतें. सभासद बहुधा सधन असतात. कचेरी मात्र चारदोन कारकुनांवर चालते. बँकेवर असतो तसा पहारा येथें नसतो.

याचा दाखला अमेरिकेंत मिळाला. 'पीजीए ऑफ अमेरिका' ही तेथील गोल्फ-शिक्षकांची मोठी संस्था. २०१८ सालच्या ऑगस्टमध्यें सेंट लुईसनजीकच्या बेलरीव्ह क्लबावर तिची अजिंक्यपदाची स्पर्धा भरावयाची होती. नेमक्या त्याच आठवड्यांत तिच्या संगणकांतील कागदपत्रें कोणीं तरी सांकेतिक लिपींत बदलून कुलूपबंद केलीं. या स्पर्धेचें आणि पुढें फ्रान्समध्यें होणाऱ्या रायडर चषकाचें जाहिरातीचें साहित्य त्यांत अडकलें. किल्लीसाठीं बिटकॉइन या आभासी नाण्यांत खंडणी मागण्यांत आली. स्पर्धा ठरल्या दिवशीं पार पडली. परंतु एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर लहान क्लबाची काय कथा?

दुसरा धोका पत्राचा. गवत कापण्याचीं यंत्रें पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या नांवानें ई-मेल येतो कीं, खातें बदललें आहे, बिलाची रक्कम नव्या खात्यांत भरावी. कारकून विश्वासानें पैसे भरतो आणि ते भलत्याच्याच घशांत जातात. अशा वेळीं पत्रांतला क्रमांक न वापरतां, पूर्वींपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर व्यापाऱ्याला विचारावें.

तिसरा धोका जाळ्याचा. पाहुण्यांचें वाय-फाय आणि कचेरीचें जाळें एकच असेल, तर उपाहारगृहांत चहा घेणारा परका मनुष्य हिशेबाच्या खोलीच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. हिरवळीला पाणी देणारीं यंत्रेंही पुष्कळ ठिकाणीं संगणकावर चालतात. यास्तव हीं जाळीं निरनिराळीं ठेवावीं.

बाकीचे उपाय फारसे खर्चाचे नाहींत. दप्तराच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकीं एक क्लबाबाहेर, जाळ्यापासून तोडलेली. ती प्रत खरोखर उघडते कीं नाहीं, हें अधूनमधून पाहावें. प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा असावा आणि त्याच्या जोडीला फोनवर येणारा दुसरा संकेत मागावा. नोकरी सोडून गेलेल्याचें खातें त्याच दिवशीं बंद करावें. संगणकाच्या आज्ञावलींतील सुधारणा वेळच्या वेळीं घ्याव्यात. कार्डांचे क्रमांक क्लबानें स्वतःजवळ सांठवूंच नयेत.

इतकें करूनही घाला पडला, तर प्रथम तो संगणक जाळ्यापासून तोडावा आणि जाणत्यास बोलवावें. खंडणी देऊन किल्ली मिळेलच असा भरंवसा नसतो. गोष्ट लपवून ठेवणें तर सर्वांत घातक. भारतांत २०२२ सालच्या निर्देशांप्रमाणें अशा घटनेची वर्दी सहा तासांच्या आंत 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेस द्यावी लागते. पैसे लुबाडले गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

सभासद आपली माहिती क्लबाच्या हवालीं करतो, ती विश्वासानें. हिरवळीच्या निगेचा हिशेब कार्यकारी मंडळ दर महिन्यास पाहतें. त्याच बैठकींत दप्तराच्या राखणीचाही हिशेब मागितला पाहिजे.