प्राप्तिकराचे टप्पे



पगारवाढीचा करार करून आम्ही फाटकाशी आलो की एखादा कामगार हमखास म्हणतो, "वाढ नको, वरच्या टप्प्यात गेलो तर सगळी करातच जाईल!" ही भीती अगदीच वेडगळ नव्हे. पूर्वी प्राप्तिकराचा एकच दर साऱ्या उत्पन्नाला लागे. १९३९ साली टप्प्यांची पद्धत आली. वरचा दर फक्त वरच्या रकमेला.

२०२५-२६ ची नवी करपद्धती घ्या. पगार १६,७५,००० रुपये. प्रमाणित वजावट ७५,००० जाऊन उरले १६ लाख. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढल्या चारांवर ५ टक्के, २०,०००. त्यापुढल्या चारांवर १० टक्के, ४०,०००. शेवटल्या चारांवर १५ टक्के, ६०,०००. बेरीज १,२०,०००, त्यावर ४ टक्के उपकर ४,८००.

आता दहा हजारांची वाढ मिळाली. दर २० टक्के, पण त्या दहा हजारांपुरताच: २,००० आणि उपकर ८०. हाती ७,९२० उरतात.

बारा लाखांपर्यंत मात्र कर माफ असल्याने त्या उंबरठ्यावरची लहान वाढ करातच जाते. तिथे जपून हिशेब करावा.

एरवी वाढ नाकारण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. भीतीने सोडलेला रुपया सरकारलाही मिळत नाही. तो मालकाकडेच राहतो.