झाकणाची कडी

उजळाईवाडीहून विमान उडालं की हातातलं खुरपं थांबवून आपण मान वर करतोच. ते उडण्याआधी जमिनीवरची माणसं भोवती फिरून सगळं तपासतात.

तरी राहतं. ९ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईहून भुजला निघालेल्या अलायन्स एअरच्या विमानाच्या इंजिनाचं झाकण धावपट्टीवरच गळून पडलं. आत ७० माणसं! दुरुस्तीनंतर कड्या नीट लावल्या नसाव्यात, असा प्राथमिक अंदाज निघाला. विमान सुखरूप उतरलं.

पेरू देशात मात्र तसं झालं नाही. विमान धुताना उंची आणि वेग सांगणाऱ्या यंत्रांच्या हवेच्या भोकांवर चिकटपट्टी लावली, ती काढायची राहिली. पट्टी चंदेरी, विमानाचं पोटही चंदेरी. तपासणाऱ्यांना दिसली नाही, वैमानिकालाही नाही. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री ते समुद्रात पडलं. ७० जण गेले.

दोषी ठरला पट्टी लावणारा कामगार. आम्हाला हे खटकतं. त्याच्यामागे बघणारे किती होते! गटाच्या वहीवरही आपल्या तीन-तीन सह्या असतात. बेरीज कितीजणी करून बघतो?

त्या भोकांसाठी खरं तर लाल फीत लोंबणारी झाकणं मिळतात, लांबूनही दिसतील अशी.